१७५-१८ ते ७८-४० : खो-खोच्या पहिल्या वर्ल्डकपमध्ये भारताच्या पोरींनी नेमकं काय जिंकलं ?

१४ जानेवारी २०२५. संक्रांतीचा दिवस. लोक तिळगूळ वाटण्यात आणि पतंग उडवण्यात दंग होते, आणि संध्याकाळी मोबाईलवर एक स्कोअर फिरायला लागला.

भारत १७५, दक्षिण कोरिया १८.

पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटलं की आकडा टाईप करताना कुणाची तरी चूक झाली असणार. कारण हा स्कोअर क्रिकेटचा नव्हता, बास्केटबॉलचा नव्हता. खो-खोचा होता. शाळेत खो-खो खेळलेल्या प्रत्येकाला माहीत असतं की या खेळात दहा-बारा गुणांचा फरक पडला तरी सामना एकतर्फी म्हणतात. मग १७५ कुठून आले ?

त्यानंतर नेहमीप्रमाणे दोन गट पडले. एक गट म्हणाला, "बघा, आपल्या मातीतला खेळ, आपल्यापुढे कोण टिकणार." दुसरा गट म्हणाला, "हा कसला वर्ल्डकप, समोरच्यांना खेळच येत नाही." पाच दिवसांनी भारताच्या महिला संघाने फायनल जिंकली तेव्हाही हे दोन्ही गट आपापल्या मतावर ठाम होते.

दोघांचंही थोडं खरं आहे आणि थोडं चुकतंय. या संघाचे सहाही सामने ओळीने बघितले की भारताला खरी झुंज कुठे द्यावी लागली ते कळतं.

आधी, १७५ गुण होतातच कसे ?

आपण शाळेत शिकलो तो खो-खो असा : नऊ जण पाठलाग करणारे. त्यातले आठ जण मधल्या पाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववा पळतो. समोरून तीन-तीनच्या तुकडीने पळणारे येतात. नऊ मिनिटांचा एक डाव, एक गडी बाद म्हणजे एक गुण.

वर्ल्डकप या नियमांनी झाला नाही. तिथे वापरला तो खो-खोचा टीव्हीसाठी तयार झालेला छोटा अवतार. मैदान लहान, पाठलागाला नऊऐवजी सात खेळाडू, आणि सामना सात-सात मिनिटांच्या चार टर्नमध्ये. प्रत्येक संघ दोनदा पाठलाग करतो, दोनदा पळतो. एक गडी बाद केला की एक नाही, दोन गुण.

त्यात आणखी दोन भानगडी आहेत.

पहिली, वझीर. खो-खोचा खरा जीव एका नियमात आहे : पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा पकडली की त्याला खांबापर्यंत मागे फिरता येत नाही. पळणारा मात्र बसलेल्यांच्या मधून हवा तसा आत-बाहेर करू शकतो. म्हणूनच पाठीत खो देऊन दुसऱ्याला उठवावं लागतं. वझीर हा असा एक आक्रमक आहे की ज्याला हे बंधनच नाही. तो कुठेही वळू शकतो. बुद्धिबळातल्यासारखाच. कसलेल्या संघाच्या हातात वझीर म्हणजे समोरच्यांचं अवघड होऊन बसतं.

दुसरी, ड्रीम रन. पळणाऱ्यांची तुकडी तीन मिनिटं टिकली की पळणाऱ्या संघाला एक गुण, आणि त्यापुढे टिकलेल्या प्रत्येक अर्ध्या मिनिटाला आणखी एक. म्हणजे आता पळतानाही गुण कमावता येतात. जुन्या खो-खोत पळणारा फक्त वेळ काढायचा.

आता हिशोब करा. भारताला पाठलागासाठी मिळाली एकूण १४ मिनिटं. ड्रीम रनचे गुण बाजूला काढले तरी कोरियाची एक-एक खेळाडू साधारण दर दहा-बारा सेकंदांना बाद होत होती. शाळेच्या मैदानावर नवखं पोरगं पळायला आलं की "आला... गेला" म्हणतात, तसंच.

यात कोरियाच्या मुलींना हसण्यासारखं काही नाही. आपल्याकडची मुलगी पाचवी-सहावीपासून पाटीवर बसलेली असते. कोणाच्या खांद्याचा रोख कुठे आहे, हूल खरी की खोटी, हे तिला विचार न करता कळतं. कोरियाच्या मुलींसाठी हा जगातला पहिलाच वर्ल्डकप होता आणि पहिल्याच सामन्यात समोर भारत आला.

वर्ल्डकपला आलं कोण ?

१३ ते १९ जानेवारी, दिल्लीचं इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियम. २३ देश. पुरुषांचे २० आणि महिलांचे १९ संघ. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, भूतान हे शेजारी होतेच. पण ब्राझील, पेरू, केनिया, युगांडा, दक्षिण आफ्रिका, इराण, पोलंड, न्यूझीलंड अशीही नावं होती. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियाच्या संघांत भारतीय वंशाचे खेळाडू दिसत होते, म्हणजे आजी-आजोबांचा खेळ नातवंडं तिकडच्या जर्सीत खेळत होती. पाकिस्तानचं नाव कार्यक्रमात होतं, पण त्यांचा संघ आला नाही. त्यामुळे उद्घाटनाचा सामना पुरुषांच्या भारत-नेपाळमध्ये झाला आणि तो भारताने ४२-३७ असा जेमतेम पाच गुणांनी काढला.

हा पाच गुणांचा फरक लक्षात ठेवा. नेपाळ पुढे पुन्हा येणार आहे.

खेळाचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर, नियम पहिल्यांदा १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधले. १९२४ मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने नियमावली काढली. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० ला विजयवाड्यात आणि महिलांची त्याच्या पुढच्या वर्षी कोल्हापुरात झाली. म्हणजे लेखी नियम झाल्यापासून पहिल्या वर्ल्डकपपर्यंत जवळपास ११० वर्षं गेली. कबड्डीचा वर्ल्डकप येऊन जुना झाला तरी खो-खो आपला जिल्हा, राज्य, राष्ट्रीय याच चक्रात फिरत राहिला.

२०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत 'अल्टिमेट खो-खो' लीग सुरू झाली आणि मॅट, वझीर, झगमगाट हे सगळं तिथून आलं. पण ती लीग फक्त पुरुषांची. म्हणजे पुरुष संघातली पोरं या छोट्या फॉरमॅटमध्ये दोन हंगाम मुरलेली होती. मुलींना तशी लीग मिळालीच नव्हती. जुना नऊ मिनिटांचा खेळ खेळून मोठ्या झालेल्या मुलींना सराव शिबिरात नवी गणितं शिकायची होती. महिलांच्या आकड्यांचं कौतुक करताना ही गोष्ट फारशी कुणी बोललं नाही.

पोरी कुठल्या होत्या ?

कर्णधार प्रियांका इंगळे. कुटुंब मूळ बीड जिल्ह्यातलं, ती वाढली पुण्यात. लहानपणीच खेळायला लागली. खो-खोत चौदा वर्षांखालच्या देशातल्या सर्वोत्कृष्ट मुलीला 'इला' पुरस्कार देतात, तो तिने मिळवलेला. पुढे वरिष्ठ गटातला राणी लक्ष्मीबाई पुरस्कारही मिळवला. नोकरी आयकर खात्यात.

तिच्याबरोबर महाराष्ट्राच्या आणखी दोघी : धाराशिवची अश्विनी शिंदे आणि ठाण्याची रेश्मा राठोड. धाराशिवचं नाव खो-खोत नवं नाही. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताला सुवर्ण जिंकून देणारी कर्णधार सारिका काळे तिथलीच, आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा खो-खोकडे तो दोन दशकांहून जास्त काळाने आला होता. पाऊस हुलकावणी देतो, पण पळणाऱ्या पोरी मात्र या जिल्ह्यात सतत पिकतात.

खान्देशातल्या वाचकांना जवळचं वाटेल असं नाव वेगळंच आहे. ओपिना भिलार. यादीत तिचं नाव 'भिलार देवी' असं छापून आल्याने बऱ्याच जणांच्या लक्षात आलं नाही. ही मुलगी गुजरातच्या डांग जिल्ह्यातली, बिलिआंबा गावची. डांग म्हणजे नवापूर-पिंपळनेरकडून राज्याची हद्द ओलांडली की लागणारा आदिवासी पट्टा. तिथल्या डांगी बोलीचं अहिराणीशी नातं इतकं जवळचं की जळगाव-धुळ्याचा माणूस तिथे फार अडत नाही. नशिराबादपासून नवापूरपर्यंत कुठल्याही झेडपी शाळेच्या मैदानावर शनिवारी सकाळी जो खो-खो चालतो, तोच खो-खो खेळत ही मुलगी दिल्लीच्या मॅटवर पोचली.

ओडिशाची मगई माझीही अशीच, रायगडासारख्या आदिवासी जिल्ह्यातून आलेली. दिल्लीची नसरीन शेख २०१९ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या संघाची कर्णधार होती. तिचे वडील बाजारात भांडी विकायचे. तिला २०२३ चा अर्जुन पुरस्कार मिळालाय. म्हैसूर जिल्ह्यातल्या कुरुबूर गावची चैत्रा बी. शेतकऱ्याच्या घरातली. हिचं नाव पुढे दोनदा येणार आहे. एकदा फायनलमध्ये आणि एकदा फायनलनंतर.

पंधरा जणींचा संघ, प्रशिक्षक सुमित भाटिया. संघाच्या यादीवरून नजर फिरवली तर मोठ्या शहरांपेक्षा तालुके आणि पाडेच जास्त दिसतात. यामागे खर्चाचं साधं गणित आहे. खो-खोला रॅकेट लागत नाही, टर्फ लागत नाही, दोन लाकडी खांब आणि फक्की एवढ्यात भागतं. ज्या शाळेत क्रीडा साहित्याचं कपाटच नाही, तिथेही हा खेळ चालतो.

सहा दिवस, सहा सामने

कोरियानंतर १५ तारखेला इराणला १००-१६. १६ ला मलेशियाला १००-२०. १७ ला उपांत्यपूर्व फेरीत बांगलादेशला १०९-१६. पाठोपाठ चार सामन्यांत शंभर किंवा त्याहून जास्त गुण.

बांगलादेशचा निकाल जरा थांबून बघण्यासारखा आहे. कोरिया, मलेशिया नवखे म्हणून सोडून देता येतात. पण बांगलादेशात खो-खो वर्षानुवर्षं खेळला जातो. दक्षिण आशियाई स्पर्धांत भारतापुढे उभा राहणारा तो नेहमीचा प्रतिस्पर्धी आहे. त्यांनाही १६ च्या वर जाता आलं नाही. म्हणजे भारत नुसता नवख्यांना झोडपत नव्हता.

१८ ला उपांत्य सामना दक्षिण आफ्रिकेशी. स्कोअर ६६-१६.

बातम्यांत हा "आणखी एक एकतर्फी विजय" म्हणून गेला. पण आकडा नीट बघा. सहा सामन्यांत भारताचे सगळ्यात कमी गुण याच सामन्यात झाले, फायनलपेक्षाही कमी. दक्षिण आफ्रिकेच्या मुली पळायला चांगल्या निघाल्या. त्यांचा अडचणीचा भाग होता पाठलाग. भारताच्या तुकड्या पळायला लागल्या की त्यांना गडीच सापडेनात. त्या अशाच कुठूनतरी आलेल्या नव्हत्या. उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी केनियाला ५१-४६ असं हरवलं होतं. पाच गुणांचा फरक, म्हणजे तीन गडी इकडचे तिकडे झाले असते तर निकाल उलटा. दोन आफ्रिकी देश, दिल्लीच्या स्टेडियममध्ये, खो-खोचा अटीतटीचा सामना खेळतायत. "हा कसला वर्ल्डकप" म्हणणाऱ्यांनी हा सामना बघितला नसावा. भारताचा कुठलाच सामना एवढा रंगला नाही, आणि या स्पर्धेचं खरं यश कदाचित त्याच सामन्यात होतं.

उपांत्य सामन्यापर्यंत भारताने पाच सामन्यांत दिलेले गुण : १८, १६, २०, १६, १६. एकाही संघाला वीसच्या पुढे जाता आलं नव्हतं.

आणि मग नेपाळ

आलेखाच्या दुसऱ्या बाजूने नेपाळ येत होता, आणि तोही थोड्याथोडक्या जोरात नाही. उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी इराणला १०३-८ असं उडवलं. त्याच इराणला भारताने १००-१६ ने हरवलं होतं. म्हणजे एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध नेपाळने गुण जास्त केले आणि दिले कमी. उपांत्य फेरीत युगांडाला ८९-१८.

भारत-नेपाळ ही खो-खोतली नवी गोष्ट नाही. २०१९ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेची महिलांची फायनल याच दोघांत होती. मार्च २०२३ मध्ये आसामच्या तामुलपूरला आशियाई स्पर्धा झाली, तिथेही फायनलला हेच दोघे. तेव्हा भारताच्या मुलींनी तब्बल एक डाव आणि ३३ गुणांनी सामना मारला होता. जुन्या नियमांत डावाने हरणं म्हणजे समोरच्याने दुसऱ्यांदा पाठलागाला यायचीही गरज पडली नाही. पावणेदोन वर्षांपूर्वी इतकं अंतर होतं.

मग १९ जानेवारीच्या संध्याकाळी काय झालं ?

पहिला टर्न, भारत पाठलागाला. ३४-०. सात मिनिटांत १७ गडी, म्हणजे साधारण २५ सेकंदांना एक. कोरियाविरुद्धच्या निम्म्याहून कमी वेग. नेपाळच्या पोरी साखळी धरून नागमोडी पळत होत्या, खांबाजवळ फिरवून पाठलागवाल्यांना थकवत होत्या. तरीही ३४ ची आघाडी भक्कमच.

दुसरा टर्न. नेपाळ पाठलागाला आला आणि स्पर्धेत पहिल्यांदाच भारताच्या तुकड्या पटापट बाद व्हायला लागल्या. सात मिनिटांत १२ गडी, २४ गुण. आधीच्या पाच संघांपैकी एकालाही अख्ख्या सामन्यात, दोन टर्न मिळून, २० च्या वर जाता आलं नव्हतं. नेपाळने ते एका टर्नमध्ये पार केलं. भारताला ड्रीम रनचा कसाबसा एक गुण मिळाला. मध्यंतराला ३५-२४.

फरक ११ चा. सहा गडी म्हणा. या फॉरमॅटमध्ये सहा गडी म्हणजे दीड-दोन मिनिटांचा खेळ. ज्या संघाने आठवडाभर मागे वळून बघितलं नव्हतं, त्याच्यावर पहिल्यांदाच अशी वेळ आली होती की पुढच्या सात मिनिटांत पाय घसरला तर कप जातो. आणि हा सहा दिवसांतला सहावा सामना होता. मॅटवर सूर मारणं मातीवर मारण्यापेक्षा वेगळं असतं. माती अंग सरकू देते. मॅटवर बुटांना पकड चांगली मिळते, वळता झटकन येतं, पण पडल्यावर गुडघे आणि कोपरं सोलून निघतात. सहाव्या दिवशी अंग दुखत नसेल अशी खेळाडू दोन्ही संघांत शोधावीच लागली असती.

तिसरा टर्न, भारत पुन्हा पाठलागाला. इथे सामना फुटला. १९ गडी, ३८ गुण. पहिल्या टर्नपेक्षाही दोन गडी जास्त. ३५-२४ वरून थेट ७३-२४. या सामन्यातली सर्वोत्कृष्ट आक्रमक म्हणून अंशू कुमारीची निवड झाली. दमलेल्या अंगाने आणि मध्यंतराच्या दडपणाखाली आपलाच आधीचा वेग मोडणं, हे १७५ गुणांपेक्षा कितीतरी अवघड काम होतं. स्पर्धेतली भारताची सगळ्यात चांगली सात मिनिटं निवडायची झाली तर हीच.

चौथ्या टर्नला नेपाळला जिंकायला ५० गुण हवे होते, म्हणजे सात मिनिटांत २५ गडी. गणिताने शक्य, पण मग पळायला आली चैत्रा आणि तिची तुकडी. या तिघी पाच मिनिटं १४ सेकंद टिकल्या. आता मघाचा ड्रीम रनचा नियम लावा : तीन मिनिटांना एक, मग साडेतीन, चार, साडेचार, पाच. झाले पाच गुण. ७३ चे ७८. सात मिनिटांतली सव्वापाच मिनिटं एकाच तुकडीत गेल्यावर नेपाळच्या हातात उरलं काय ? त्यांनी शेवटपर्यंत पाठलाग सोडला नाही, आठ गडी बाद करून ४० पर्यंत गेले.

७८-४०. सामन्याची सर्वोत्कृष्ट खेळाडू चैत्रा. सर्वोत्कृष्ट बचावपटूचा मान मात्र नेपाळच्या मनमती धामीला मिळाला, आणि पहिल्या टर्नमध्ये ज्यांनी नेपाळचं पळणं बघितलं त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही.

पूर्ण स्पर्धेचा हिशोब मांडला तर भारताच्या मुलींनी ६२८ गुण केले आणि १२६ दिले. त्या १२६ पैकी ४० एकट्या नेपाळचे. सोशल मीडियावर १७५ चा स्क्रीनशॉट सगळ्यात जास्त फिरला. खेळ म्हणून बघायचं तर नेपाळचे हे ४० गुण जास्त मोलाचे आहेत. भारताला कुणीतरी घाम फोडू शकतं, हे त्यांनी दाखवलं.

त्याच रात्री पुरुषांनीही कप जिंकला. कर्णधार पुण्याचा प्रतीक वाईकर, समोर पुन्हा नेपाळ, स्कोअर ५४-३६. पुरुष संघात महाराष्ट्राचे सुयश गरगटे, रामजी कश्यप, आदित्य गणपुले, अनिकेत पोटे होते. दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे, दोन्ही फायनल नेपाळशी, दोन्ही कप भारताकडे.

कप आल्यावर काय झालं ?

मिरवणुका झाल्या, सत्कार झाले. मग पैशांचा विषय निघाला आणि तिथे चैत्राचं नाव पुन्हा आलं.

महाराष्ट्र सरकारने आपल्या विजेत्या खेळाडूंसाठी प्रत्येकी सव्वादोन कोटी रुपये जाहीर केले. कर्नाटकचे दोन खेळाडू विजेत्या संघांत होते, पुरुष संघात गौतम आणि महिला संघात चैत्रा. त्यांच्या राज्याने प्रत्येकी पाच लाख जाहीर केले. दोघांनीही ते घ्यायला नकार दिला. म्हणणं साधं होतं : एकाच मॅटवर, एकाच कपसाठी खेळलो, शेजारच्या राज्यात कोट्यवधी रुपये आणि सरकारी नोकरी, मग आमच्या वाट्याला पाच लाख का ?

यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. देशासाठी खेळता की पैशासाठी, वगैरे. पण खो-खोपटूच्या आयुष्याकडे बघितलं तर हा प्रश्न लाडाचा नाही. क्रिकेटपटूला सामन्याचं मानधन असतं, आयपीएल असते, जाहिराती असतात. खो-खोच्या मुलीकडे यातलं काहीच नसतं. पंचवीस-सव्वीस वर्षांपर्यंत गुडघे साथ देतात, तेवढ्यात आयकर, रेल्वे, विमानतळ प्राधिकरण अशा कुठेतरी खेळाच्या कोट्यातून नोकरी लागली तर लागली. नाहीतर राष्ट्रीय पदकांची पिशवी खुंटीला टांगून पोरगी संसाराला लागते. प्रत्येक तालुक्यात अशी एखादी तरी "पूर्वी फार भारी खेळायची" म्हणून ओळखली जाणारी ताई असतेच. त्यामुळे चैत्रासाठी नोकरीचं पत्र ही कपच्या बरोबरीची गोष्ट होती. फायनलमध्ये ज्या खेळाडूने सव्वापाच मिनिटं तुकडी टिकवली, तिनेच आपल्या हक्कासाठी ठाम उभं राहणं, यात विसंगत काही दिसत नाही.

राहिला प्रश्न खेळाचा. महासंघ २०३६ च्या ऑलिंपिकचं स्वप्न बोलून दाखवतो. त्यासाठी देशांची संख्या वाढवणं सोपं काम आहे. २३ चे ४० करता येतील. अवघड आहे ते केनिया-दक्षिण आफ्रिकेसारखे सामने वाढवणं, आणि नेपाळसारखे आणखी चार-पाच संघ तयार होणं. त्यासाठी भारतातले प्रशिक्षक बाहेर जावे लागतील, बाहेरचे संघ इथे येऊन महिना-महिना खेळावे लागतील. आणि घरच्या मुलींसाठी लीग लागेल. वर्ल्डकप झाला तोवर पुरुषांच्या लीगचे दोन हंगाम झाले होते आणि महिलांचा एकही नाही. पुरुषांना ४२-३७ चा निसटता सामना पचवायची सवय लीगने लावली होती. मुलींना मध्यंतराच्या ३५-२४ चा दबाव थेट वर्ल्डकपच्या फायनलमध्ये भेटला.

वर्ल्डकप संपल्यावर दोनच आठवड्यांत, फेब्रुवारीच्या सुरुवातीला, उत्तराखंडमध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेचा खो-खो झाला. तिथे वर्ल्डकपचे सहकारी पुन्हा आपापल्या राज्याच्या जर्सीत एकमेकांसमोर उभे होते. महिलांची फायनल महाराष्ट्र विरुद्ध ओडिशा अशी झाली. महाराष्ट्राने महिला आणि पुरुष दोन्ही सुवर्णपदकं जिंकली, आणि महिलांच्या त्या फायनलमध्ये फरक होता अवघ्या तीन गुणांचा.